स्थिर खुणेचा शोध : आर्ने ब्यर्क यांचें संशोधन

घरांतील मूल किती वाढलें हें पाहावयाचें झाल्यास आपण त्याला भिंतीशीं उभें करून डोक्याजवळ पेन्सिलीनें रेघ ओढतों. पुढच्या वर्षीं पुन्हां एक रेघ ओढावी. दोहोंतील अंतर ती त्याची वाढ. या साध्या मापनाचा सारा भरंवसा भिंत हालत नाहीं यावर असतो. चेहऱ्याची वाढ मोजूं जातां मात्र अशी भिंत सांपडत नाहीं. जबड्याचें हाड एका अंगानें नवें रचलें जातें, तर दुसऱ्या अंगानें झिजतें. ज्या कडेवर खूण धरावी ती कडाच सरकलेली असते. कोपनहेगन येथील प्राध्यापक आर्ने ब्यर्क (१९११–१९९६) यांच्या संशोधनाचें मर्म, आमच्या मतें, या न हालणाऱ्या भिंतीच्या शोधांत आहे.

हा प्रश्न त्यांच्यापूर्वीं कोणास सुचला नव्हता असें नाहीं. अठराव्या शतकांत जॉन हंटर यांनीं डुकरांस मंजिष्ठाच्या जातीचें मूळ चारून त्यांचीं वाढतीं हाडें तांबडीं केलीं व जबडा मागील बाजूस वाढतो आणि पुढील बाजूस झिजतो, असें दाखविलें. परंतु जनावर मारल्यावांचून तें हाड दिसत नसे. १९४७ सालीं खुद्द ब्यर्क यांनीं ‘दि फेस इन प्रोफाइल’ हा प्रबंध लिहिला. त्यांत स्वीडनमधील १२ वर्षांच्या मुलांची तेथीलच तरुण सैनिकांशीं तुलना आहे. प्रबंध परिश्रमाचा खरा. पण त्यांतील बालक निराळा व तरुण निराळा. एकच मूल मोठें होतांना त्याच्या मुखाचें काय होतें, हें अशा तुलनेंत दिसावयाचें नाहीं. ही उणीव ग्रंथकर्त्यानेंच पुढें स्वतः भरून काढली, हा त्याचा मोठेपणा.

१९५५ च्या निबंधांत त्यांनीं नवी रीत मांडली. टँटलम धातूचे, दीड मिलिमीटर लांबीचे बारीक खिळे मुलांच्या जबड्याच्या हाडांत बसवावयाचे आणि वर्षानुवर्षें क्ष-किरणचित्रें घ्यावयाचीं. खिळ्यावर खिळा जुळवून दोन चित्रें एकावर एक ठेविलीं, कीं काय हाललें आणि काय जागच्या जागीं राहिलें याचा निवाडा आपोआप होई. त्यांतून दिसलें तें अनपेक्षित होतें. जबडा वाढतांना नुसता पुढें-खालीं सरकत नाहीं, तर फिरतोही. आणि त्याची खालची कडा कोठें झिजून, कोठें भरून ही गति झांकून टाकते. ४५ मुलग्यांवरील १९६३ च्या लेखांत सांध्यांत बसणाऱ्या टोंकाची वाढ बाल्यांत वर्षाला सरासरी ३ मिलिमीटर, तर साडेचौदाव्या वर्षाच्या सुमारास ५.५ मिलिमीटर आढळली. तिची दिशा मात्र ज्याची त्याची निराळी. सर्वांच्या चेहऱ्यांस एकच सांचा लावणाऱ्यांस हें उत्तर पुरेसें आहे.

येथवर आमची त्यांच्याशीं सहमति आहे. १९६९ सालीं मात्र त्यांनीं भविष्याकडे दृष्टि वळविली. जबडा पुढें कोणीकडे फिरेल, हें एकाच चित्रावरून ओळखण्याचीं सात लक्षणें त्यांनीं सांगितलीं. तीं टोंकाच्या प्रकारांतच स्पष्ट दिसतात, हा इषारा त्यांनींच दिला होता. तो विसरला गेला. १९८४ सालीं त्यांच्या गटानें २१ मुलांच्या चित्रांवरून जबड्याच्या फिरण्यांतील ८६ टक्के फरकाचा उलगडा होतो असें लिहिलें. त्याच वर्षीं अमेरिकेंत बॉमरिंड व त्यांचे सहकारी यांनीं पांच निष्णात दंतवैद्यांची परीक्षा घेतली, तेव्हां त्यांचें भाकीत नाणें उडविण्याहून सरस ठरलें नाहीं. होऊन गेलेल्या वाढीचें नेमकें मोजमाप आणि पुढील वाढीचें भाकीत हीं दोन निरनिराळीं शास्त्रें आहेत. पहिल्यांतील अधिकार दुसऱ्यांत चालत नाहीं. आणि दंतवैद्याकडे मूल नेणाऱ्या आईबापांस हा भेद ठाऊक असावा.

आणखी एक विचार मनांतून जात नाहीं. हे खिळे मुलांच्या हाडांत बसविले ते मुख्यतः ज्ञानाच्या हेतूनें, आणि क्ष-किरणही त्यांनींच पुनःपुन्हां सोसले. आज असा प्रयोग करण्यास सहजासहजीं कोणी अनुज्ञा देणार नाहीं, आणि न द्यावी हेंच योग्य. पण या खिळ्यांनींच हाडांतील कांहीं स्वाभाविक स्थिर खुणा दाखवून दिल्या : हनुवटीची पुढील कड, तिच्या आंतील रचना, जबड्यांतून जाणाऱ्या नाडीचा मार्ग, आणि मूळ फुटण्यापूर्वींचा अक्कलदाढेचा अंकुर. या खुणांवर चित्रें जुळवितां येऊं लागल्यावर पुढच्या मुलांच्या हाडांत खिळा मारण्याचें कारण उरलें नाहीं. त्या मुलांचें ऋण कांहीं अंशीं फिटलें असेल, तर तें यामुळेंच, असें आम्ही समजतों.