एका ओळीचा भुलभुलैया

१० प्रिंट सीएचआर-डॉलर (२०५.५ + आरएनडी(१)); : गोटू १०

एवढाच प्रोग्राम. कमोडोर ६४ या १९८२ साली बाजारात आलेल्या घरगुती कॉम्प्युटरवर बेसिक भाषेतली ही ओळ टाइप करून ‘रन’ म्हटलं, की निळ्या पडद्यावर फिकट निळ्या तिरक्या रेघा एकीला लागून एक उमटू लागतात आणि बघता बघता पडदाभर भुलभुलैया पसरतो. २०१२ मध्ये दहा जणांनी मिळून या ओळीवर अख्खं पुस्तक लिहिलं. एमआयटी प्रेसने छापलेल्या त्या पुस्तकाचं नावही ही ओळच आहे. मला ते मुळीच अति वाटलं नाही. घरगुती कॉम्प्युटरांचा नाद लागल्यापासून मी कितीतरी प्रोग्राम वाचले, पण इतका नेटका, एकही चिन्ह वाया न घालवलेला क्वचितच.

सुरुवातीचा १० पाहा. ओळ एकच, तरी क्रमांक दहा. बेसिकमध्ये दहा-दहाच्या अंतराने क्रमांक द्यायची रीत होती, कारण मागाहून काही सुचलं तर मध्ये १५ घालायला जागा राहते. लिहिणाऱ्याला पुढे काहीतरी सुचणारच, हे त्यात धरून चाललेलं आहे. ही भाषा जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ यांनी १९६४ साली अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात घडवली ती विज्ञान-गणिताबाहेरच्या विद्यार्थ्यांच्याही हाती कॉम्प्युटर यावा म्हणून. तो भरवसा या दहाच्या आकड्यातही मला दिसतो.

ओळीचा जीव मात्र २०५.५ मध्ये आहे. कमोडोरच्या अक्षरतक्त्यात २०५ म्हणजे डावीकडून उजवीकडे उतरणारी तिरकी रेघ, आणि २०६ म्हणजे चढणारी. आरएनडी(१) शून्य ते एक यांमधला कुठलातरी अपूर्णांक देतं. तो २०५.५ मध्ये मिळवला की बेरीज कधी २०५च्या घरात राहते, कधी २०६च्या. सीएचआर-डॉलर दशांश चिन्हापुढचं सगळं टाकून देतं आणि उरलेल्या क्रमांकाचं अक्षर हाती ठेवतं. नाणेफेक झाली, आणि ‘जर-तर’ची अट कुठेही लिहावी लागली नाही! निर्णय बेरजेतच विरघळवून टाकला आहे. २०५.५ च्या जागी २०५.२ घाला, दर पाच रेघांपैकी साधारण चार उतरत्या येतील, आणि भुलभुलैयाची दाट उतरती वीण होईल.

मग तो सेमीकोलन. प्रिंटचा स्वभाव असा, की छापून झालं की पुढच्या ओळीवर जायचं. सेमीकोलन त्याला तिथेच थोपवून धरतो. तो काढला तर रेघा डाव्या कडेला एकाखाली एक उतरत जातील आणि भुलभुलैया होणारच नाही. शेवटी गोटू १०. एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९६८ साली गोटूविरुद्ध लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे, आणि मोठ्या प्रोग्रामांपुरतं ते रास्तही आहे. इथे मात्र गोटू आपली जागा कमावतो. त्याच्यावाचून एकच रेघ उमटेल आणि काम संपेल.

भुलभुलैया भासतो तो रेघा एकमेकींना भिडतात म्हणून. कमोडोरवर प्रत्येक अक्षर आठ गुणिले आठ ठिपक्यांच्या चौकटीत बसतं, आणि या दोन रेघा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत जातात. एरवीच्या कळफलकावरचे दोन स्लॅश चौकटीच्या कोपऱ्यांपर्यंत पोचत नाहीत. त्यांची नक्षी तुटक दिसते. शिवाय आस्की तक्त्यात ते ४७ आणि ९२ या क्रमांकांवर, म्हणजे एकमेकांपासून दूर, तेव्हा बेरजेची युक्तीही सरळ लागू पडत नाही. तिरपे दुभागलेले चौकोन फिरवून किती नक्ष्या होतात याचा अभ्यास सेबास्तियाँ ट्रुशे यांनी फ्रान्समध्ये १७०४ सालीच केला होता. या ओळीत तो अभ्यास चालत्या रूपात समोर येतो. वाटा, गल्ल्या, बंद कोपरे कुणी आखलेले नसतात. ते आपली नजर शोधते.

आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. यंत्र बंद करून पुन्हा चालू करा, सरळ हीच ओळ लिहा, ‘रन’ म्हणा: पुन्हा तोच भुलभुलैया, त्याच वळणांसकट. कमोडोर चालू होताना आरएनडीचं बीज प्रत्येक वेळी तेच असतं, म्हणून त्याची ‘यादृच्छिक’ आकड्यांची माळही तीच. यंत्राच्या पोटात काय चाललंय हे इतक्या थोडक्यात, डोळ्यांना दिसेल असं दुसरीकडे क्वचितच कळतं.

भारतातल्या शाळांत १९८४ पासून ‘क्लास’ प्रकल्पातून बीबीसी मायक्रो हे कॉम्प्युटर आले. तिथे २०५ आणि २०६ वर या रेघा नव्हत्या, पण व्हीडीयू २३ ही आज्ञा होती: आठ आकडे द्या, नवं अक्षर घडवा. उतरत्या रेघेसाठी ते आठ आकडे असे: १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १. दर ओळीत एकच ठिपका, एकेक घर सरकत जाणारा. चढत्या रेघेला तेच आकडे उलटे. दोन्ही रेघा २२४ आणि २२५ वर बसवल्या आणि ओळीत २२४.५ घातलं की भुलभुलैया बीबीसीवरही उभा राहतो. द्विमान पद्धत शिकवायला याहून चांगला धडा मला ठाऊक नाही.

त्या काळी हे कौशल्य कुणा तज्ज्ञाचं नव्हतं. कमोडोर चालू केला की पडद्यावर यायचं ‘३८९११ बेसिक बाइट्स फ्री’ आणि खाली ‘रेडी’. यंत्राबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेतच या प्रोग्रामचं थोडं लांबट रूप छापलेलं होतं. ग्राहक म्हणजे लिहिणारा, हे विकणाराच मानत होता. पुढे ते मानणं सुटलं. २००९ साली आयफोनवर कमोडोर ६४ चं सोंग वठवणारं एक ॲप आलं, तेव्हा ॲपलने ते बेसिक बंद ठेवण्याच्या अटीवर मंजूर केलं. एका क्लृप्तीने बेसिक उघडता येतं हे कळताच ॲप काढून टाकलं गेलं. पुढे ते बेसिकसह परतलं खरं, पण ज्या ओळीने ते यंत्र ओळखलं जायचं तीच खिशातल्या कितीतरी ताकदवान यंत्रावर काही काळ वर्ज्य होती, हे मला आजही खुपतं.

ओळ मात्र मेलेली नाही. युनिकोडच्या तक्त्यात या दोन रेघा शेजारी-शेजारीच आहेत, ९५८५ आणि ९५८६ वर. पायथनमध्ये ९५८५.५ मध्ये यादृच्छिक अपूर्णांक मिळवा, दशांश भाग टाका, क्रमांकाचं अक्षर छापा. सेमीकोलनचं काम ‘एंड’ला रिकामी अवतरणचिन्हं देऊन होतं. हेच पुन्हा पुन्हा करायला लावलं की पडदा निमिषात भरून जातो आणि रेघ कशी निवडली जाते ते दिसतच नाही. म्हणून छापलेलं लगेच पडद्यावर यावं यासाठी ‘फ्लश’ला ‘ट्रू’ द्यावं आणि दर रेघेनंतर सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचा थांबा घालावा. आणि घरात कुणी शिकणारं मूल असेल तर ९५८५.५ चं ९५८५.२ केल्यावर काय होईल, हे ‘रन’ करण्याआधी त्याला विचारावं.