गीताचा षड्ज कोठे आहे?

बीड जिल्ह्यातील चौसाळ्यासारख्या गावी भजनाला पेटी धरणारा गायक नवी चाल बांधतो, तेव्हा तो प्रथम पट्टी सांगतो: पांढरी एक, काळी एक, काळी चार. पट्टी म्हणजे त्याच्या षड्जाचे ठिकाण. आता अशा गायकाने एखादे ख्रिस्तगीत रचले, ते शहरातील गायनवृंदाकडे आले आणि ऑर्गनवादकाने ते ऐकून पाच रेघांवर उतरविले, असे समजू. सूर एकही चुकला नाही. तरीही मिस्सेत ते गीत परके वाटते. दोष कोठे राहिला?

आमच्या मते तो बहुधा ओळीच्या आरंभी, की सिग्नेचरमध्ये राहतो. चाल झिंझोटीची आहे असे धरा. हा खमाज थाटाचा राग. त्यात निषाद कोमल. षड्ज पांढरी एकवर असता हा कोमल निषाद काळी पाचवर येतो. पाश्चात्त्य वळणाचा वादक एक फ्लॅट पाहतो आणि पुस्तकी नियमाने गीताचे घर पांढरी चार ठरवितो. म्हणजे गायकाच्या मध्यमालाच तो षड्ज मानतो! मग साथीचे कॉर्ड त्या घराकडे वळतात, आणि गाणारी सभा एकीकडे विसावत असता ऑर्गन दुसरीकडे विसावतो.

हा प्रश्न केवळ आपल्या उपासनागीतांचा नव्हे. राष्ट्रगीताच्या निवडीच्या काळात 'वंदे मातरम्' बँडवर वाजविता येत नाही, असा आक्षेप होता. मास्तर कृष्णराव फुलंब्रीकरांनी ते झिंझोटीतच बांधले आणि बँडसाठी त्याचे पाश्चात्त्य स्वरलेखन करवून घेऊन आक्षेपाला उत्तर दिले. २४ जानेवारी १९५० रोजी राष्ट्रगीताचा मान 'जन गण मन'ला मिळाला, हे खरे. परंतु रागाची चाल कागदावर उतरू शकते, एवढे त्या खटाटोपाने दाखविले.

भूपासारख्या पाच सुरांच्या चालीत तर की सिग्नेचर काहीच सांगत नाही. पांढरी एकच्या भूपात मध्यम व निषाद नाहीत. म्हणून आरंभी काहीही न लिहिले, एक शार्प लिहिला किंवा एक फ्लॅट लिहिला, तरी पेटीवरील बोटे त्याच पाच पट्ट्यांवर पडतात. इतकेच नव्हे, त्याच पाच पट्ट्यांवर पांढरी पाचला षड्ज मानले की भूप जाऊन दुर्गा उभा राहतो. सूर तेच, घर निराळे, म्हणून रागही निराळा. केवळ सुरांची मोजदाद करून चालीचे मूळ हाती लागत नाही, याला आणखी पुरावा कशाला?

उपाय साधा आहे. पेटीवर एक सूर आणि त्याचा पंचम धरून ठेवावा व त्यावर गीत म्हणवून घ्यावे. ज्या सुरावर चाल ताण सोडून विसावते, तो षड्ज. ध्रुवपदाच्या शेवटच्या स्वरावर विसंबू नये. पुष्कळ चाली गंधारावर वा पंचमावर थांबतात. रचनाकार हयात असेल तर त्यालाच विचारावे. (ही साधी गोष्टच बहुधा राहून जाते.) षड्ज सापडला की तो गीताच्या माथ्यावर शब्दांत लिहावा, आणि कोमल निषाद ज्या त्या जागी चिन्हाने दाखवावा. खमाजाच्या कुळात दोन्ही निषाद येतात, तेव्हा हेच सोयीचे. पट्टी मात्र बदलण्यास हरकत नाही. एकट्या गायकाच्या गळ्याला सोसणारी काळी चार साऱ्या सभेला झेपेलच असे नाही.

यात पाश्चात्त्य शास्त्राला विरोध नाही. आपल्या पवित्र सभेचे ग्रेगोरियन गायनच पाहा. त्याच्या लेखनात सूर ठराविक पट्टीला बांधलेला नसतो, शार्प नसतो, फ्लॅट एकाच सुरास लागतो, आणि चाल ज्या सुरावर संपते त्यावरून तिचा 'मोड' ओळखतात. सातव्या मोडचे सूर आणि आपल्या खमाज थाटाचे सूर एकच आहेत. ऑर्गनवर सातव्या मोडची साथ करणारा वादक त्याचे घर हलवीत नाही. तीच दक्षता त्याने झिंझोटीबाबत घ्यावी, एवढीच आमची मागणी आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक संविधानात, ११९ व्या कलमात, मिशन प्रदेशांतील लोकांच्या संगीतपरंपरेला योग्य मान द्यावा असे सांगितले आहे. रागाचे नाव पुस्तकात छापून आणि साथ भलत्याच घरात बसवून तो मान दिला जात नाही. नव्या गीतसंग्रहांच्या संपादकांनी निदान प्रत्येक गीतावर षड्ज नोंदवावा. त्याला एक ओळही पुरे.