टॉर्च हटवलीच नाही तर?

पुण्यातल्या शालेय विज्ञान प्रदर्शनांत ‘प्रकाशाने सुरू होणारा टायमर’ अनेकदा दिसतो. तपकीर गल्लीतून आणलेली 555 आयसी, एलडीआर आणि एलईडी. टॉर्चचा झोत पडला की एलईडी लागतो, 11 सेकंदांनी विझतो. एका प्रदर्शनात आम्ही टॉर्च तशीच धरून ठेवली. एलईडी विझेचना! “सर, टॉर्च लगेच काढायची असते,” विद्यार्थिनी म्हणाली. आमचा आक्षेप तिच्यावर नाही, तिला मिळालेल्या तयार आकृतीवर आहे.

वेळ ठरते 1.1 × रोध × धारिता या सूत्राने. 100 किलोओहम व 100 मायक्रोफॅरड घेतल्यास 11 सेकंद. पण प्रकाशात एलडीआरचा रोध घटतो आणि आयसीच्या 2 क्रमांकाच्या पिनवरचा दाब पुरवठ्याच्या एक तृतीयांशाखाली जातो. 9 व्होल्टच्या बॅटरीवर 3 व्होल्टखाली. प्रकाश असेपर्यंत तो तिथेच राहतो, म्हणून एलईडीही चालूच राहतो. ही पिन रोधामार्फत बॅटरीच्या धन टोकाला जोडून एलडीआरच्या बाजूला योग्य कपॅसिटर घातला, तर पिनपर्यंत प्रकाशातला बदल तेवढा पोचतो.

शिक्षकांनी हे आधी सांगू नये. मुलांना टॉर्च धरून ठेवू द्यावी, मल्टिमीटरने पिनवरचा दाब मोजू द्यावा. दोष त्यांनाच सापडेल.