धातुक्षपक जिवाणू आणि 'सूक्ष्मतारे'ची संकल्पना : एक चिकित्सा

प्राणवायूविरहित गाळात श्वसन करणाऱ्या जिवाणूंपुढील पेच विलक्षण आहे. अन्नाच्या ऑक्सिडीकरणातून मुक्त झालेले इलेक्ट्रॉन कोणीतरी स्वीकारावेच लागतात. परंतु लोह व मँगनीज यांची ऑक्साइडे पाण्यात जवळजवळ अविद्राव्य असल्याने पेशीत शिरू शकत नाहीत. साहजिकच इलेक्ट्रॉनलाच पेशीबाहेर पडावे लागते. १९८८ साली मायर्स व नील्सन आणि लव्हली व फिलिप्स यांनी स्वतंत्रपणे अशा श्वसनाचे पुरावे मांडले. शेवानेला या जिवाणूतील सायटोक्रोम प्रथिनांची साखळी पुढे बरीचशी उलगडली. वाद उरला तो जिओबॅक्टरविषयी.

२००५ साली रेग्युएरा, लव्हली आदींनी 'नेचर'मध्ये असे प्रतिपादन केले की, जिओबॅक्टर सल्फरेड्यूसेन्सच्या पृष्ठभागावरील पिली हे केसासारखे प्रथिनतंतूच विद्युतवाहक आहेत. पिलीचे जनुक काढलेला जिवाणू विद्राव्य लोहाचे क्षपण करी, अविद्राव्य ऑक्साइडाचे मात्र करू शकत नसे. प्रयोग नेटका होता. निष्कर्ष मात्र पुराव्याच्या पुढे गेला. जनुकाच्या अभावी कार्य थांबते यावरून त्याची आवश्यकता सिद्ध होते, त्याचे प्रथिन स्वतः वाहक आहे हे सिद्ध होत नाही. तंतूतून प्रवाह वाहिल्याची नोंदही तो तंतू कशाचा बनला आहे, हे सांगत नाही. 'सूक्ष्मतार' हे नाव एकदा रूढ झाल्यावर हा प्रश्न विचारण्याची निकड कमी झाली असावी.

२०१९ साली अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीने घेतलेल्या प्रतिमांत अशा तंतूंची घडण पिलिनची नसून ओएमसीएस या सायटोक्रोमची असल्याचे दिसले. त्याच्या प्रत्येक रेणूत सहा हीम असून ती परस्परांना लागून रचलेली आहेत. २०२१ मधील संशोधनाने पिलिनकडे सायटोक्रोम पेशीबाहेर ढकलण्याचे काम सोपविले. हे स्वीकारल्यास २००५ चे निरीक्षण अबाधित राहते, केवळ त्याचा अर्थ पालटतो.

लव्हली यांच्या गटाने ही मांडणी मान्य केली नाही. ओएमसीएसपेक्षा बारीक असे वाहक तंतू आढळल्याचा त्यांचा दावा आहे, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. शिवाय नव्या पक्षाचीही बाजू पूर्णतः भक्कम नाही. हीम ते हीम उड्यांच्या गणितातून निघणारी ओएमसीएसची वाहकता प्रत्यक्ष मोजलेल्या वाहकतेपेक्षा कमी भरते. ही तफावत गणिताची की मोजमापाची, याचा निर्णय अद्याप झालेला नाही.