घरशाळेचे गणित : पुस्तक कोणाला शिकवते?

मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवायचे असे ठरवणाऱ्या पालकांना भाषा, इतिहास किंवा विज्ञान यांची फारशी धास्ती वाटत नाही. गोष्टी वाचता येतात, किल्ले पाहता येतात, बी पेरून अंकुर रोज मोजता येतो. अडते ते गणितापाशी. मग शोध सुरू होतो पुस्तकांचा. अमेरिकेत १९९३ पर्यंत सर्व पन्नास राज्यांत घरी शिकवणे कायदेशीर झाले आणि अशा कुटुंबांसाठी गणिताच्या पुस्तक-संचांची एक मोठी बाजारपेठ उभी राहिली. तेच संच आज न्यू जर्सीतील मराठी घरांत दिसतात, आणि पुण्या-मुंबईत घरशाळेचा प्रयोग करणारे काही पालकही ते मागवतात. मागवण्यापूर्वी ओळखीच्या शिक्षकाला विचारतात, "यातले चांगले कोणते?" म्हणून हा विषय आपल्या वाचकांसमोर मांडावासा वाटला.

पालकांचे प्रश्न साधारणतः ठरलेले असतात. अभ्यासक्रम पुढे आहे की मागे? रोज किती वेळ लागेल? कोणत्या देशात वापरतात? मूल स्वतःचे स्वतः सोडवू शकेल ना? या शेवटच्या प्रश्नामागची अपेक्षाच मला सर्वांत धोक्याची वाटते. तिची परीक्षा पूर्वीच होऊन गेली आहे.

स्टॅनली एर्लवँगर या संशोधकाने १९७३ साली बेनी नावाच्या बारा वर्षांच्या अमेरिकन मुलाविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. बेनी सहावीत होता. दुसरीपासून तो अशा पद्धतीने गणित शिकत होता की प्रत्येक मुलाने आपापल्या गतीने पुस्तिका सोडवायच्या, उत्तरे तालिकेशी ताडून पाहायची आणि ८० टक्के बरोबर आली की पुढची पुस्तिका घ्यायची. बेनी झपाट्याने पुढे गेला होता. त्याच्या शिक्षिकेच्या मते तो चांगल्या विद्यार्थ्यांपैकी एक होता. एर्लवँगरने त्याच्याशी सावकाश गप्पा मारल्या तेव्हा काय दिसले? २/१० चे दशांश रूप बेनीने १.२ सांगितले, ४/११ चे १.५ आणि ४००/४०० चे ८.००. अंश आणि छेद यांची बेरीज करायची व योग्य वाटेल तिथे दशांशचिन्ह ठेवायचे, हा त्याचा नियम होता, आणि तो नियम तो अगदी सुसंगतपणे वापरत होता! समान किमतीचे पण वेगळ्या रूपात लिहिलेले उत्तर तालिकेत नसेल तर चूक धरले जाई. त्यामुळे गणितातले नियम कुणीतरी ठरवून ठेवलेले असतात आणि आपण ते हुडकायचे असतात, अशी त्याची ठाम समजूत झाली होती.

वर्गात अशी समजूत टिकणे थोडे अवघड असते. शेजारचा मुलगा म्हणतो ०.२, हा म्हणतो १.२, आणि दोघे भांडतात. "अरे, दहातले दोन भाग एकापेक्षा मोठे कसे?" असा प्रश्न कुठून तरी येतो. घरी मूल एक, पुस्तक एक आणि तालिकाही एक. तेव्हा घरशाळेच्या पुस्तकाला विचारायचा पहिला प्रश्न असा : मुलाची चुकीची विचारसरणी हे पुस्तक पालकाला दिसू देते का? या एकाच कसोटीवर दोन गाजलेले संच पाहू.

पहिला सॅक्सन यांचा. जॉन सॅक्सन हे हवाई दलातून निवृत्त झालेले अधिकारी. ओक्लाहोमातील एका महाविद्यालयात बीजगणित शिकवताना विद्यार्थी कालचे आज विसरतात हे पाहून त्यांनी १९८०च्या दशकाच्या आरंभी स्वतःचे पुस्तक काढले. १९९६ साली ते वारले. पुस्तके मात्र आजही घरशाळांत वापरली जातात. त्यांचे तत्त्व साधे आहे. विषयाचे लहान लहान तुकडे करायचे, रोज एक तुकडा द्यायचा, आणि सरावात आजची दोन-चार उदाहरणे व बाकी सारी मागची, सर्व प्रकार मिसळून. यावर 'घोकंपट्टी' असा शिक्का मारून मोकळे होणे अन्यायाचे ठरेल. रोहरर आणि टेलर यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग पाहा. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना चार अपरिचित घनाकृतींचे घनफळ काढायला शिकवले. एका गटाला एकेका प्रकारची उदाहरणे सलग दिली, दुसऱ्याला सर्व मिसळून. सरावाच्या वेळी सलगवाल्यांची ८९ टक्के उत्तरे बरोबर, मिसळवाल्यांची ६०. आठवड्यानंतरच्या चाचणीत मात्र सलगवाले २० टक्क्यांवर घसरले, तर मिसळवाले ६३ टक्क्यांवर राहिले. कोणती रीत कुठे लावायची हे ठरवण्याचाच सराव मिसळलेल्या उदाहरणांत होतो. आपल्या 'उदाहरणसंग्रह ७' मध्ये सारी उदाहरणे सरळव्याजाचीच असतात; मुलाला वाचण्याचीही गरज पडत नाही. या बाबतीत सॅक्सन यांची नजर अचूक होती.

पण आपल्या कसोटीवर हा संच उणा पडतो. पालकाच्या हाती राहते ते बरोबर-चूक मोजणे, दर चार-पाच धड्यांनी चाचणी घेणे आणि गुण लिहिणे. लहान इयत्तांच्या पुस्तकांत तर पालकाने काय बोलायचे तेही शब्दशः छापलेले आहे. मुलाने अपेक्षित उत्तर दिले तर संवाद ठीक चालतो. त्याने भलतेच उत्तर दिले, आणि नेमकी तिथेच शिकवण्याची वेळ असते, तर छापील संवाद तिथे मुका होतो. बेनीसारखे हुशार मूल या पुस्तकांतून वर्षानुवर्षे सुखाने पुढे जाऊ शकेल, अशी मला भीती वाटते.

दुसरा संच सिंगापूरचा. त्या देशाने १९८० साली अभ्यासक्रम विकसित करणारी संस्था स्थापन केली आणि तिची प्राथमिक गणिताची पुस्तके १९८२ पासून आली. १९९५ च्या आंतरराष्ट्रीय चाचणीत सिंगापूरची चौथीची आणि आठवीची मुले गणितात पहिली आली आणि अमेरिकेतील घरशाळांनी ही पुस्तके मागवायला सुरुवात केली. 'पहिल्या आलेल्या देशाचे पुस्तक' ही जाहिरात फसवी आहे. त्या यशात प्रशिक्षित शिक्षक होते, आणि घरोघरच्या शिकवण्याही होत्या. ते काही टपालाने येत नाही. तरीही पुस्तकांत एक खरी चीज आहे. आधी वस्तू, मग चित्र, मग चिन्ह, हा जेरोम ब्रूनर यांच्या विचारातून आलेला क्रम, आणि त्यातील मधल्या पायरीवरचे पट्टीचित्र.

एक उदाहरण घेऊ. राधाकडे सलीमच्या तिप्पट गोट्या आहेत. दोघांच्या मिळून ४८. राधाने सलीमला किती दिल्या म्हणजे दोघांकडे सारख्या होतील? सलीमसाठी एक चौकट काढायची, राधासाठी त्याच मापाच्या तीन. चौकटी एकूण चार, म्हणून एका चौकटीत १२ गोट्या. राधाची एक चौकट सलीमकडे सरकवली की दोघांकडे दोन-दोन. उत्तर १२. एखादे मूल '४८ भागिले ३, म्हणजे १६' असे लिहील. वहीत नुसते १६ असले तर पालक फुली मारील आणि पुढे जाईल. चित्र काढायला लावले तर त्या मुलाने सगळ्या मिळून तीनच चौकटी काढलेल्या दिसतील. सलीमचा वाटा त्याने राधाच्याच वाट्यात धरला, हे गणित न शिकवलेल्या आईलाही क्षणात कळते. पुढे बीजगणितात हीच चौकट 'क्ष' होते, हा आणखी एक फायदा.

मग सिंगापूरचा संच घ्यावा आणि मोकळे व्हावे? नाही. मूळ पाठ्यपुस्तक अगदी बारीक आहे. ते वर्गातील प्रशिक्षित शिक्षकासाठी लिहिले होते. समजावण्याचा भाग पालकांसाठीच्या वेगळ्या मार्गदर्शिकेत असतो. काही कुटुंबे पैसे वाचवायला नेमकी तीच गाळतात. तेव्हा रंगीत चित्रांखाली रिकाम्या जागा भरणे एवढेच उरते.

लिपिंग मा यांच्या १९९९ च्या पुस्तकाची इथे आठवण होते. त्यांनी २३ अमेरिकन आणि ७२ चिनी प्राथमिक शिक्षकांना विचारले : पावणेदोन भागिले अर्धा किती, आणि या भागाकाराला साजेशी एखादी गोष्ट सांगा. अमेरिकन शिक्षकांपैकी ९ जणांचे उत्तर पूर्णपणे बरोबर आले, आणि आशयाने योग्य गोष्ट एकालाच रचता आली. पुष्कळांनी 'अर्ध्याने भागणे' आणि 'दोघांत वाटणे' एकच मानले. चिनी शिक्षकांपैकी सर्वांचे उत्तर बरोबर होते आणि ६५ जणांची गोष्टही. विशेष हे की या चिनी शिक्षकांचे औपचारिक शिक्षण अमेरिकनांपेक्षा कमी होते. ते शिकले होते शिकवता शिकवता, पाठ्यपुस्तक आणि त्याची हस्तपुस्तिका यांचा वर्षानुवर्षे कसून अभ्यास करून. व्यवसायाने शिक्षक असलेल्यांची ही स्थिती, तर घरच्या आई-वडिलांना दोष कसा द्यावा? म्हणून दुसरा प्रश्न : हे पुस्तक मोठ्या माणसाला शिकवते का? ज्या संचात पालकाने वाचायचे पान नाही, तो मुलासाठी कितीही सुंदर असला तरी घरशाळेला अपुरा आहे.

आता थोडे भाषेविषयी. मराठी घरात पावणेदोन लिटर दूध अर्ध्या लिटरच्या पिशव्यांत भरले तर साडेतीन पिशव्या होतील, हे आजी पाटी-पेन्सिल न घेता सांगेल. पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द, आणि पावकी-निमकीचे जुने पाढे, ही अपूर्णांकांची घरातली शिदोरी आहे; आणलेल्या पुस्तकात ती असणार नाही, पालकाने घालावी लागेल. उलट संख्यानामांत आपली अडचण मोठी. 'त्रेचाळीस' ऐकताना आधी तीन ऐकू येतात आणि लिहायचा असतो आधी चार. 'एकोणपन्नास' मध्ये तर पन्नासातून एक वजा करायचा. इंग्रजीत हा उलटा क्रम एकोणिसापर्यंत संपतो; मराठीत नव्व्याण्णवपर्यंत चालतो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' अशी संख्यानामे आली तेव्हा केवढा गदारोळ झाला! चेष्टा करणाऱ्यांपैकी किती जणांनी ३४ आणि ४३ यांत अडखळणारे मूल जवळून पाहिले होते कोण जाणे. इंग्रजी संच ही अडचण ओळखतच नाही. स्थानिक किमतीचा धडा तो चार दिवसांत उरकतो. मराठीत विचार करणाऱ्या मुलाला तिथे दशकाचे दांडे आणि सुटे घेऊन आणखी काही आठवडे थांबवावे लागेल. सॅक्सनमधील इंच, गॅलन आणि पाव डॉलरची नाणी न्यू जर्सीत हवीत, नाशिकला त्यांचा जाच.

पालक विचारायला आले तर त्यांना संचाचे नाव सांगण्याऐवजी मी अपूर्णांकांच्या भागाकाराचे पान उघडायला सांगेन, मुलाचे पुस्तक आणि पालकांची मार्गदर्शिका दोन्हींतले. 'दुसरा अपूर्णांक उलटा करून गुणा' हे पहिल्याच ओळीत असेल तर पुस्तक मिटावे. उलटा का करायचा हे चित्राने दाखवले असेल, आणि मुले तिथे काय चुकतात हे मोठ्यांसाठी लिहिले असेल, तर किंमत पाहायला हरकत नाही. दोन्ही संच परवडत असतील तर सिंगापूरची मार्गदर्शिका संकल्पनेसाठी घ्यावी आणि सराव सॅक्सन यांच्या रीतीने मिसळून द्यावा. परवडत नसतील तर बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. त्यांतील उदाहरणसंग्रह चिठ्ठ्यांवर उतरवून डब्यात टाकावेत आणि रोज दहा चिठ्ठ्या उचलाव्यात. त्यांतल्या एका चिठ्ठीवर मुलाने उत्तर न लिहिता, ते कसे काढले हे तोंडी सांगायचे; आणि पालकाने मध्ये न बोलता ऐकायचे.