अ, ब आणि एल: एका अक्षराच्या नावांचं काय करायचं?

अ एक काम १० दिवसांत करतो, ब तेच काम १५ दिवसांत करतो, तर दोघं मिळून ते किती दिवसांत संपवतील? उत्तर ६. हे तुम्हालाही कधीतरी सोडवावं लागलं असेल. मी कुपवाडला वाढले. एमआयडीसीतली शिफ्ट सुटली की रस्ता माणसांनी भरून जायचा, आणि त्यातला कोण अ आणि कोण ब, असा खेळ मी मनातल्या मनात खेळायचे. गणितातला अ कधी दमायचा नाही, त्याचं ब शी कधी बिनसायचं नाही. (स्टीफन लीकॉक या कॅनडियन विनोदी लेखकाने नेमकं हेच पकडून या ए, बी, सी मंडळींना स्वभाव दिले होते. तो लेख त्याच्या १९१० च्या पुस्तकात आहे, मिळाला तर जरूर वाचा.)

माझ्या प्रबंधातलं एक प्रकरण अ‍ॅनिमे आणि गेम्समधल्या एका अक्षराच्या पात्रांवर आहे. पहिल्या मसुद्यात मी बिनधास्त लिहिलं होतं की एक अक्षर म्हणजे पुसलेली ओळख. काफ्काचा के. हाताशी होताच, त्यामुळे काम सोपं झालं. गाइडनी समासात एवढंच लिहिलं: 'मग एल मरतो कधी?'

(इथून पुढे कथानकं उघड होतील. बघायचं राहिलं असेल तर आधी बघून या.)

'डेथ नोट' २००३ ते २००६ या काळात मांगा म्हणून आली, मग तिचं ३७ भागांचं अ‍ॅनिमे झालं. त्यातला नियम असा: चेहरा डोळ्यासमोर आणून वहीत खरं नाव लिहिलं की माणूस मरतो. म्हणजे या जगात नाव हीच दुखरी जागा आहे. डिटेक्टिव्ह एल टीव्हीवर आधी लिंड एल. टेलर नावाच्या माणसाला पुढे करतो. पूर्ण नाव, समोर चेहरा. तो मरतो. तो फाशीची शिक्षा झालेला कैदी होता हे आपल्याला नंतर कळतं. मग पडद्यावर नुसतं एक अक्षर येतं आणि त्याला मारता येत नाही. पुढे एल लाइटला समोरासमोर भेटतो तेव्हा एका प्रसिद्ध गायकाचं नाव सांगतो, म्हणजे वहीत लिहिताना लाइटच्या डोळ्यांसमोर भलताच चेहरा येईल. आणि एल मरतो तो नाव वाचू शकणाऱ्या शिनिगामीच्या हातून. थोडक्यात, अक्षर ही त्याची ढाल होती. माझा 'पुसलेली ओळख' वाला सिद्धांत इथेच कोसळला.

गंमत म्हणजे मला हे आधीच कळायला हवं होतं. माझी आजी आजोबांचं नाव घ्यायची नाही. घ्यायचंच झालं तर उखाण्यात, तेही लाजत. त्यामागे मान आहे, सक्ती आहे, आणि नाव उच्चारलं की माणसाला काहीतरी लागतं ही जुनी भीतीही आहे. तिन्ही वेगळे करता येत नाहीत. ज्या घरात असं होतं तिथल्या पोरीला 'डेथ नोट'चा नियम समजावून सांगावा लागू नये.

दुसरी गोष्ट, आपल्याकडे आद्याक्षरं माणसाला लपवत नाहीत, जवळ आणतात. पुलं, वपु, आणि आमच्या जिल्ह्यातल्या शेटफळ्याचे गदिमा. अक्षरांना सरळ प्रत्यय लागतात, अनुस्वाराने आदरही येतो: पुलंनी, जीएंची. त्यातही जी. ए. कुलकर्णींचं प्रकरण वेगळं. गुरुनाथ आबाजी, म्हणजे मराठी रिवाजाने गु. आ. व्हायला हवेत, पण राहिले इंग्रजी अक्षरांवर. जपानीतही एल असाच उच्चार फोडून, दोन अक्षरांत लिहितात, अगदी आपल्या 'एल'सारखा. उलट लाइटचं नाव जपानीत एकाच चिन्हाने लिहिलं जातं, ते चिन्ह चंद्राचं. म्हणजे एका अक्षराचा खरा माणूस कोण, हा प्रश्न मूळ वाचकाला आपल्यापेक्षा जास्त टोचत असणार.

सगळीच पात्रं इतकी विचार करून केलेली नसतात, हेही सांगायला हवं. 'सायबरपंक २०७७' मधला व्ही (किंवा मधली व्ही) मला सोयीचा मामला वाटतो. खेळाडूने पुरुष निवडला तर व्हिन्सेंट, बाई निवडली तर व्हॅलेरी, आणि संवादात दोघांनाही एकच हाक मारता येते. 'झेनोब्लेड क्रॉनिकल्स ३' (२०२२) त्यापेक्षा धीट आहे. तिथले शत्रू अक्षरांनीच ओळखले जातात, आणि हळूहळू कळतं की एन आणि एम हे नोआ आणि मिओचीच दुसरी रूपं आहेत. जगाने आहे तिथेच थांबावं, हे मान्य केलेल्यांच्या नावातलं पहिलं अक्षर तेवढं उरलं आहे. काफ्काच्या के. शी याचं खरं नातं आहे. पहिला मसुदा मी एलऐवजी यांच्यावर बेतला असता तर कदाचित तगला असता.

पण मला सगळ्यात जास्त आवडतो तो 'पोकेमॉन ब्लॅक' आणि 'व्हाइट' (२०१०) मधला एन. पोकेमॉनसोबत वाढलेला, त्यांना माणसांपासून सोडवायला निघालेला, स्वतःवर पक्का विश्वास असलेला मुलगा. त्याचं पूर्ण नाव नॅचरल हार्मोनिया ग्रोपियस. यातलं हार्मोनिया हे गेचिसचंही नाव आहे, आणि याच गेचिसने त्याला वाढवलं, राजा केलं आणि वापरून घेतलं. आता हे मराठी कानाने ऐका. आपल्याकडे पूर्ण नाव म्हणजे स्वतःचं, मग वडिलांचं, मग आडनाव. एनने पुढचं सगळं गाळलं आहे आणि फक्त स्वतःचं पहिलं अक्षर ठेवलं आहे. ज्याने फसवलं त्याचा भाग त्यात नाही.

गाइडना हे वाचन जरा ओढूनताणून वाटतं. नाव ठेवताना जपानी लेखकांच्या डोक्यात मराठी फॉर्म नव्हता, असं त्यांचं म्हणणं, आणि ते बरोबरच आहे. तरी परवा एका अर्जात आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं नाव अशा तीन चौकटी भरताना मी मधल्या चौकटीपाशी थोडी थांबले.