चित्रातला पक्षी, चिखलातला पक्षी

सानपाड्याच्या पश्चिमेस, पामबीच मार्गापलीकडे तिवरांची दाटी आणि तिच्याही पुढे ठाण्याची खाडी आहे. ओहोटीने उघड्या पडलेल्या तेथील चिखलावर हिवाळ्यात लहान लहान पाणपक्ष्यांचे थवे भक्ष्य टिपत असतात. पक्षी ओळखण्याच्या पुस्तकांची खरी कसोटी लागते ती येथे.

रोहित त्या मानाने सोपा. मोठ्या रोहिताची चोच गुलाबी, टोकाला काळी. लहान रोहिताची गडद लाल. परंतु तुतारी आणि टिलवा यांच्यापुढे वाचक हतबल होतो. कर्ल्यू सँडपायपर ही तुतारी विणीच्या काळात, सैबेरियात, विटकरी तांबडी असते; आपल्याकडे ती हिवाळा काढते तो राखाडी वेषात. डनलिनपासून तिला वेगळी करणारी कमरेवरची पांढरी खूण पंख मिटले की झाकली जाते. छोट्या टिलव्याचे पाय काळे, टेमिंकच्या टिलव्याचे पिवळसर हिरवे, असे पुस्तक सांगते. चिखलाने माखलेले पाय मात्र सारखेच दिसतात.

डॉ. सालिम अली यांच्या ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ (१९४१) या पुस्तकाचे बळ वर्णनात आहे. पक्षी चिमणीएवढा की बुलबुलाएवढा, साळुंकीएवढा की कावळ्याएवढा, अशा ओळखीच्या मापांनी ते नवख्याचे बोट धरते. मात्र त्यातील जाती निवडक आहेत. ग्रिमेट व इन्स्किप दांपत्य यांचा १९९८ चा ग्रंथ साऱ्या उपखंडाला कवेत घेतो. विणीचा, हिवाळी आणि पिलांचा वेष वेगवेगळा दाखवितो. परिपूर्णतेत तो निःसंशय सरस. पण त्या समृद्धीतच नवखा वाट चुकतो. चित्र जुळले की या खाडीवर संभवत नसलेली जातही त्याला खरी वाटू लागते. म्हणून चित्राआधी ऋतू, अधिवास आणि आढळाचा नकाशा पाहावा, हे अशा ग्रंथांनी पानोपानी बजावले पाहिजे.

प्रश्न केवळ छंदाचा नाही. या खाडीचा काही भाग २०१५ साली रोहित अभयारण्य झाला, २०२२ साली रामसर यादीत गेला. अशा जागांच्या रक्षणात पक्ष्यांच्या नोंदी ही साक्ष असते, आणि घाईने दिलेले नाव खोटी साक्ष ठरते. मुलांच्या हाती दुर्बीण व पुस्तक देताना आईवडिलांनी वहीत एक नोंद लिहावयासही शिकवावे: ‘तुतारी, जात निश्चित नाही.’ तीही खरी नोंद आहे.